सकाळी सातची आरएनएस: तेल कंपनीची वाईट बातमी आली की ही सेवा किती कामाला येते?

लंडन शेअर बाजारात नोंदलेल्या बहुतेक कंपन्यांच्या अधिकृत घोषणा ‘रेग्युलेटरी न्यूज सर्व्हिस’वर येतात. बाजारात सगळे तिला आरएनएस म्हणतात. कामाच्या दिवशी तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी ७ ते संध्याकाळी ६.३० ही सेवा चालू असते. घोषणा टाकण्याचे पैसे कंपनी भरते, वाचणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीचं पान उघडलं की जुन्या-नव्या सगळ्या घोषणा तारखेप्रमाणे लावलेल्या सापडतात.

तेलाचा शोध घेणाऱ्या छोट्या कंपन्यांचे शेअर ज्याच्याकडे आहेत, त्याला या सेवेची गरज इतरांपेक्षा जास्त पडते. दहा देशांत धंदा पसरलेल्या कंपनीची एक तिमाही वाईट गेली तर भाव थोडा हलतो. एकाच विहिरीवर सगळी भिस्त असलेली कंपनी मात्र एका सकाळीत निम्म्यावर येऊ शकते. म्हणून हे परीक्षण एकाच प्रसंगापुरतं आहे: शेअर तुमच्याकडे आहेत, सात वाजलेत आणि बातमी वाईट आहे.

मत आधीच सांगतो. वेग आणि पूर्णपणा यांत ही सेवा पहिल्या दर्जाची आहे. वर्गवारी आणि मांडणी यांत ती कच्ची आहे. ती देते ते कंपनीने लिहिलेलं मूळ वाक्य, जसंच्या तसं. ते वाचता आलं तर यासारखं साधन नाही. वाचता आलं नाही तर तीच घोषणा भलत्या निर्णयाकडे ढकलते.

सात ते आठ

बाजार आठला उघडतो. त्याआधी ७.५० पासून उघडण्याचा लिलाव चालतो, त्यात खरेदी-विक्रीच्या मागण्या जमा होतात आणि पहिला भाव ठरतो. भावावर परिणाम करणारी माहिती शक्य तितक्या लवकर जाहीर करण्याचं बंधन कंपनीवर असतं. बहुतेक कंपन्या त्यासाठी सातची वेळ धरतात. म्हणजे मोठ्या फंडाचा व्यवस्थापक आणि शंभर शेअर असलेला माणूस यांच्यासमोर तोच मजकूर त्याच मिनिटाला येतो. पुढचा जवळजवळ एक तास कुणालाच नियमित व्यवहार करता येत नाही. छोट्या गुंतवणूकदाराला बाजारात अशी बरोबरी फार कमी ठिकाणी मिळते. ती तो वाया घालवतो, कारण सात वाजून दोन मिनिटांनी तो घोषणा बंद करून इतर लोक काय म्हणतात ते शोधू लागतो.

वेळ स्वतःही काही सांगते. दुपारी बारा-एकला अचानक आलेली घोषणा म्हणजे बहुधा काहीतरी आत्ताच घडलंय किंवा बाहेर फुटलंय. संध्याकाळी साडेचारनंतर, बाजार बंद झाल्यावर येणारी घोषणा छोट्या तेल कंपनीच्या बाबतीत बऱ्याचदा नवे शेअर विकण्याची असते. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सातला येतो. २४ आणि ३१ डिसेंबरला बाजार १२.३० लाच बंद होतो. त्या दिवसांतल्या घोषणा सुट्टी संपल्यावर तरी नक्की वाचाव्यात, कारण अडचणीची गोष्ट शांतपणे उरकून टाकायला तो काळ सोयीचा असतो.

शीर्षकावर जाऊ नका

घोषणेचा प्रकार कंपनी स्वतः निवडते. विहिरीच्या आणि उत्पादनाच्या बातमीसाठी डीआरएल, नव्या शेअरांसाठी आयओई, संचालक बदलले तर बीओए, मोठ्या भागधारकाची टक्केवारी बदलली तर एचओएल, असे संकेत असतात. ते मजकुराच्या शेवटी क्रमांकाच्या सुरुवातीला दिसतात. मात्र विहीर फसल्याची बातमी नुसत्या ‘अपडेट’ या नावाखाली टाकायला कंपनीला कुणी अडवत नाही.

‘आरएनएस रीच’ असं लिहिलेल्या घोषणा तर वेगळ्याच. त्या नियमाने बंधनकारक नसलेल्या, प्रसिद्धीसाठी काढलेल्या असतात. अध्यक्षांची मुलाखत, परिषदेतलं भाषण, नवी चित्रफीत असा माल त्यात येतो. दोन्ही एकाच यादीत दिसत असल्याने घोळ होतो. वाईट बातमीनंतर दोन-तीन दिवसांत एखादी उत्साही ‘रीच’ आली तर तिच्यावर वेळ घालवू नये.

टुलो ऑइलची ९ डिसेंबर २०१९ ची घोषणा या सेवेवर घडलेला एक धडाच आहे. मुख्याधिकारी पॉल मॅकडेड आणि शोधकामाचे संचालक अँगस मॅकॉस पायउतार झाले, लाभांश थांबला, आणि त्या दिवशी शेअर ७० टक्क्यांहून जास्त पडला. बातम्यांत राजीनामे गाजले. गाभा मात्र उत्पादनाच्या परिच्छेदात होता. २०२० साठी दिवसाला ७० ते ८० हजार बॅरलचा अंदाज होता आणि त्यानंतरच्या तीन वर्षांसाठी सरासरी सुमारे ७० हजार. हे शेवटचे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. एका वर्षाची घट यंत्र बिघडल्यामुळे असू शकते. तीन वर्षांची घट म्हणजे दुखणं जमिनीखालच्या साठ्यात आहे. कारणंही तिथेच दिली होती: घानाच्या क्षेत्रांत काही विहिरींमधून येणाऱ्या पाण्याचं वाढतं प्रमाण, नव्या विहिरींतले यांत्रिक प्रश्न, एन्येन्रा क्षेत्राची अपेक्षेपेक्षा वेगाने होणारी घसरण.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, याच कंपनीने गयानातल्या दोन शोधांमधलं तेल जड आणि जास्त गंधकाचं असल्याचं कळवलं होतं. त्या वेळीही भाव जवळपास पाव भागाने उतरला. ‘सगळं वाईट आता भावात आलं’ म्हणून त्या घसरणीत ज्यांनी आणखी शेअर घेतले, त्यांना डिसेंबरचा फटका दुप्पट बसला. गयानाची बातमी आणि घानाची बातमी यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. म्हणून वाईट बातमी आली की पहिला प्रश्न असा विचारावा: ही बातमी कंपनीच्या कोणत्या मालमत्तेची आहे, आणि आज पैसा कोणत्या मालमत्तेतून येतो?

विहिरीची भाषा

या सेवेवरची तेलाची घोषणा वाचताना सर्वाधिक गफलत इथे होते. ‘प्लग्ड अँड अबॅन्डन्ड’ हे शब्द दिसले की लोक विक्रीला धावतात. खरं तर शोधासाठी खोदलेल्या अनेक विहिरी तेल सापडल्यावरही सिमेंटने बुजवतात. त्या माहिती मिळवण्यापुरत्याच असतात, उत्पादनाच्या विहिरी नंतर वेगळ्या खोदल्या जातात. विहीर बुजवली यातून यश-अपयश कळत नाही. त्याच परिच्छेदातलं आधीचं वाक्य बघावं. तिथे ‘जलाशय-खडक (तेल, वायू किंवा पाणी साठू शकेल असा सच्छिद्र खडक) लागला’ एवढंच असेल आणि तेल किंवा वायूचा उल्लेख नसेल, तर बहुतेक वेळा तिथे पाणी लागलेलं असतं. ‘अंदाजाप्रमाणे खडक मिळाला’ हे वाक्य ऐकायला गोड लागतं, पण खडक असणं आणि त्यात तेल असणं या दोन गोष्टी आहेत.

‘सस्पेंडेड’ विहीर म्हणजे परत वापरता येईल अशा रीतीने तात्पुरती बंद केलेली. हा शब्द तुलनेने बरा. ‘ऑइल शोज’ म्हणजे खडकाच्या चुऱ्यात किंवा खोदताना वापरलेल्या चिखलात तेलाच्या खुणा. त्यावरून विहीर वाहील असं म्हणता येत नाही. ‘नेट पे’ म्हणजे तेल देऊ शकेल अशा थराची जाडी, आणि ती कंपनीने धरलेल्या निकषांवर अवलंबून असते. विहिरीत उपकरणं सोडून घेतलेलं मोजमाप, द्रवाचा प्रत्यक्ष नमुना आणि वाहण्याची चाचणी, या तीन पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला खात्री वाढते. फॉकलंड बेटांजवळच्या रेचल नॉर्थ विहिरीत तेल सापडल्याचं डिझायर पेट्रोलियमने डिसेंबर २०१० मध्ये जाहीर केलं आणि भाव उसळला. पुढच्याच आठवड्यात नमुन्यात पाणी निघाल्याचं सांगावं लागलं आणि भाव कोसळला. दोन्ही घोषणा याच सेवेवर आल्या. पहिली घोषणा कोणत्या पायरीवरची आहे हे मजकुरात तपासणाऱ्याला उत्साह आवरता आला असता.

उत्पादनाच्या आकड्यांत ‘द्रव’ आणि ‘तेल’ यांतला फरक बघा. उदाहरणादाखल, विहीर दिवसाला ४,००० बॅरल द्रव देते आणि त्यात पाण्याचं प्रमाण ६० टक्के आहे, तर तेल फक्त १,६०० बॅरल. पुढच्या घोषणेत द्रव तितकंच राहून पाणी ७० टक्क्यांवर गेलं तर तेल १,२०० वर आलं, म्हणजे पाव भाग गेला. शीर्षकात मात्र ‘उत्पादन स्थिर’ लिहिता येतं. वाहण्याच्या चाचणीचा आकडा दिला असेल तर ती किती तास चालली आणि कोणत्या मापाच्या चोकवर घेतली हे शोधावं. चोक म्हणजे प्रवाह आवरणारं छिद्र. मोठ्या छिद्रातून काही तास घेतलेला आकडा महिनोन्‌महिने टिकेल असं धरून चालणं धोक्याचं.

क्षेत्राचा एकूण आकडा आणि कंपनीच्या वाट्याचा आकडा वेगळे असतात. वाटा २० टक्के असेल तर पाच कोटी बॅरलमधले एक कोटी कंपनीचे, तेही सरकारचा हिस्सा धरण्याआधी. साठ्यांच्या पायऱ्याही अशाच: ‘२पी’ म्हणजे काढता येण्याजोगे, व्यापारी दृष्ट्या परवडणारे साठे, ‘२सी’ म्हणजे सापडलेलं, पण अजून विकासाचा निर्णय न झालेलं तेल, ‘प्रॉस्पेक्टिव्ह’ म्हणजे अजून खोदूनही न पाहिलेला अंदाज. वाईट बातमीत २पी मधून २सी मध्ये हलवलेले आकडे बहुधा तळाशी असतात. एकूण बेरीज जवळपास तीच दिसते आणि किंमत मात्र घटलेली असते.

एआयएम या छोट्या कंपन्यांच्या बाजारात तेल-वायू कंपन्यांसाठी वेगळी नियमावली आहे. तांत्रिक मजकूर पात्र व्यक्तीने तपासल्याचा उल्लेख आणि शब्दांचे अर्थ तिथे द्यावे लागतात. हा शब्दार्थांचा भाग घोषणेच्या शेवटी असतो आणि सहसा कुणी वाचत नाही. नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी, हे आमचं ठाम मत आहे.

पैशाचं वाक्य

विहिरीची बातमी लोकांना भेडसावते. कंपनी मात्र बुडते ती पैशाने. म्हणून घोषणेतलं एक वाक्य आधी शोधा: रोकड किती, कर्ज किती, आणि कधीपर्यंत पुरेल. ते नसेल तर मागच्या घोषणेत शोधा. तिथे असून आजच्यात गायब असेल, तर ती गैरहजेरी हीच बातमी समजा.

हिशेब अवघड नाही. समजा रोकड १ कोटी ८० लाख डॉलर आहे. कार्यालय, पगार आणि परवान्यांचा खर्च महिन्याला १५ लाख. परवान्याच्या अटीप्रमाणे खोदायलाच हवी अशी एक विहीर बाकी, खर्च ९० लाख. विहीर वजा केली की उरले ९० लाख, म्हणजे सहा महिने. लेखापरीक्षक साधारण बारा महिन्यांचा विचार करतात. तेव्हा पुढच्या हिशेबांत ‘मटेरियल अनसर्टन्टी’ (कंपनी पुढे चालू राहील का याबद्दल मोठी शंका) हे शब्द येणार आणि त्याआधी नवे शेअर विकले जाणार, असं धरून चालावं.

नव्या शेअरांचा परिणामही कागदावर मांडता येतो. समजा चाळीस कोटी शेअर आहेत आणि भाव २० पेन्स. कंपनी दहा कोटी नवे शेअर १४ पेन्सने देते. गणिताने भाव १८.८ पेन्सवर येतो. ज्याच्याकडे एक टक्का होता त्याच्याकडे ०.८ टक्के राहतो. प्रत्यक्षात भाव १४ च्या आसपास ओढला जातो, कारण नवे शेअर मिळालेल्यांपैकी काही जण लगेच विकतात. ‘वाढीला गती देण्यासाठी निधी’ असं लिहून पुढच्या पानावर ‘चालू भांडवलासाठी’ असा वापर दाखवणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. निधीच्या वापराची ओळ शोधा. त्यात विहिरीला किती आणि पगाराला किती हे दिसतं.

साठ्यांवर कर्ज घेतलेल्या कंपन्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे बँका साधारण वर्षातून दोनदा साठे आणि तेलाचा गृहीत भाव धरून कर्जाची मर्यादा नव्याने ठरवतात. साठ्यांत कपात झाली की मर्यादा उतरते, आणि आधी उचललेले पैसे परत करण्याची वेळ येऊ शकते. म्हणून साठे कमी झाल्याच्या घोषणेत मर्यादेच्या पुढच्या फेरतपासणीची तारीख बघावी. दुसरा धक्का बहुधा तिथेच बसतो.

शेटलंड बेटांच्या पश्चिमेला लँकेस्टर क्षेत्र असलेल्या हरिकेन एनर्जीत हे सगळं एकत्र पाहायला मिळतं. जून २०१९ मध्ये पहिलं तेल निघालं. सप्टेंबर २०२० मध्ये सुरुवातीच्या उत्पादन टप्प्याचे साठे सुमारे ३ कोटी ७० लाख बॅरलवरून १ कोटी ६० लाखांवर आणले गेले. साठ्यांची बातमी वाईट होतीच. पण भागधारकांचं नशीब जुलै २०२२ मध्ये फेडायच्या २३ कोटी डॉलरच्या परिवर्तनीय (शेअरमध्ये बदलता येणाऱ्या) रोख्यांवर अवलंबून होतं. २०२१ मध्ये रोखेधारकांना ९५ टक्के मालकी देण्याची योजना कंपनीने मांडली. भागधारकांनी विरोध केला आणि जून २०२१ मध्ये न्यायालयाने ती नामंजूर केली. नंतर तेलाचे भाव चढले आणि रोखे मुदतीत फेडले गेले. या प्रत्येक टप्प्याची कागदपत्रं, तारखा आणि मतदानाच्या सूचना आरएनएसवर क्रमाने आहेत. लोकांच्या तोंडी ‘संपली ही कंपनी’ असं असताना कंपनीकडे किती रोकड आहे आणि फेडीची तारीख कोणती, हे महिन्यागणिक वाचता येत होतं. संग्रहाची खरी किंमत इथे कळते, आणि या सेवेला आम्ही एवढे गुण देतो ते याच कारणाने.

याच्या उलट बाजूही आहे. मोठ्या कंपन्यांत तीच बातमी वेगळी वागते. ३० एप्रिल २०२० ला शेलने लाभांश ४७ सेंटवरून १६ वर आणला आणि शेअर दहा टक्क्यांहून जास्त पडला. ४ ऑगस्टला बीपीने १०.५ वरून ५.२५ सेंट केला आणि शेअर सहा टक्क्यांच्या वर चढला. शेलची कपात अनपेक्षित होती, बीपीची सगळे धरून चालले होते आणि सोबत नवं धोरणही आलं होतं. घोषणेतला आकडा वाईट की चांगला यापेक्षा तो अपेक्षेपासून किती दूर आहे याने भाव ठरतो. आणि नेमकी अपेक्षा काय होती हे आरएनएस सांगत नाही. ती मागच्या घोषणांतल्या अंदाजावरून स्वतः काढावी लागते.

आठ वाजता काय चुकतं

आदल्या दिवशी ८० पेन्सला स्टॉप-लॉस (भाव तिथवर पडला की आपोआप विकण्याची मागणी) लावून निश्चिंत झोपणं ही तेलाच्या शेअरमधली सर्वांत महाग समजूत. बातमी सातला आली आणि पहिला भाव ४५ ला निघाला, तर साधा स्टॉप-लॉस ४५ च्या आसपासच विकतो. मधले भाव कधी आलेच नाहीत. किमान भाव बांधून दिलेली मागणी असेल तर विक्री होत नाही आणि शेअर हातात राहतात. दोन्हींतून संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळतं ते विहिरीच्या निकालाआधी गुंतवणूक किती ठेवली यातून.

छोट्या शेअरमध्ये पहिली काही मिनिटं खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर फार रुंद असतं. बाजार-निर्माते ९ ला घेऊ, १२ ला देऊ असा भाव लावतात. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या विक्रीला तो भाव मिळेलच असं नाही, आणि ब्रोकरच्या पडद्यावर तर अनेकदा भावच येत नाही. दलालाकडून मिळालेला भाव साधारण १५ सेकंद टिकतो. त्या घाईत ‘मिळेल त्या भावात’ हा पर्याय दाबला जातो. मोठ्या शेअरमध्ये भाव एकदम घसरला की यंत्रणा स्वयंचलित व्यवहार थांबवून पाच मिनिटांचा लिलाव घेते. ही तांत्रिक अडचण नाही, घाबरून पुन्हा पुन्हा मागणी पाठवू नये. दोनदा विकल्याचे प्रकार यातूनच घडतात.

विकायचं ठरलंच असेल तर अर्धे-अर्धे विकणं, आणि कमीत कमी भाव बांधून विकणं बरं. घ्यायचं असेल तर त्या सकाळी घेऊ नये. पहिल्या वाईट घोषणेनंतर दुसरी येण्याची शक्यता मोठी असते: निधीची, बँकेची किंवा राजीनाम्याची. खर्चाचा आणि रोकडीचा वर दिलेला हिशेब कागदावर बसत नसेल, तर स्वस्त दिसणारा भाव स्वस्त नसतो.

मोठे भागधारक विकून गेले का, हे एचओएल घोषणांत कळतं. तीन टक्क्यांची रेषा आणि त्यावरची प्रत्येक पूर्ण टक्क्याची रेषा ओलांडली की कळवावं लागतं. पण ती माहिती काही दिवसांनी येते. तोवर भाव हलून गेलेला असतो. संचालकांच्या खरेदीची घोषणा मात्र जरूर बघा, आणि रक्कम त्यांच्या वार्षिक पगाराशी ताडून बघा. दोन हजार पौंडांची खरेदी हा धीर देण्याचा देखावा असू शकतो.

कुठे कमी पडते

मजकुरातले नकाशे आणि आकृत्या बऱ्याचदा येत नाहीत, तक्ते मोडतात, रकाने सरकतात. साठ्यांचा तक्ता वाचताना एकूण आणि वाट्याचे आकडे सरकून एकमेकांखाली आलेले दिसतात. अशा वेळी कंपनीच्या संकेतस्थळावरची पीडीएफ प्रत उघडावी. मागच्या घोषणेशी तुलना करण्याची कसलीही सोय नाही. दोन खिडक्या शेजारी ठेवून आकडे जुळवणं हाच मार्ग. ईमेलची सूचना कधी पाच-दहा मिनिटं उशिरा पोचते, त्यामुळे निकाल अपेक्षित असलेल्या दिवसांत पान स्वतः उघडलेलं बरं.

अमेरिकेत कंपन्यांची कागदपत्रं जिथे जाहीर होतात त्या सरकारी एडगर यंत्रणेशी तुलना केली तर फरक ठळक दिसतो. तिथे महत्त्वाच्या घडामोडी कळवण्याच्या ८-के फॉर्मला बहुतेक बाबींत चार कामाच्या दिवसांची मुदत आहे, म्हणजे आरएनएस जास्त चपळ. पण तिथे बाबींना ठरलेले क्रमांक आहेत: मालमत्तेचं मूल्य मोठ्या प्रमाणात घटलं तर २.०६, लेखापरीक्षक बदलला तर ४.०१, संचालक गेला तर ५.०२. अडचणीची बाब ‘अपडेट’ म्हणून टाकता येत नाही. आरएनएसने ही एक गोष्ट उचलली तर छोट्या वाचकाचं निम्मं काम हलकं होईल.

एक उपाय मात्र आजही हातात आहे. कंपनीच्या भागीदारांच्या घोषणाही पाळतीवर ठेवा. वर उल्लेखलेल्या गयानाच्या परवान्यात टुलोबरोबर टोटल आणि इको अटलांटिक भागीदार होत्या. एकाच विहिरीचं वर्णन दोन कंपन्या वेगवेगळ्या शब्दांत करतात, आणि एकीने गाळलेला आकडा दुसरीच्या मजकुरात सापडतो. विहीर चालवणारी कंपनी अवाढव्य असेल तर तिच्या दृष्टीने तो निकाल किरकोळ ठरू शकतो. लहान भागीदाराला मात्र तो जाहीर करावाच लागतो.

आणखी एका घोषणेची ओळख असायला हवी: व्यवहार तात्पुरते स्थगित. एआयएमवरच्या कंपनीचा नॉमॅड, म्हणजे नियमपालनाची जबाबदारी घेणारा सल्लागार, सोडून गेला तर शेअरचे व्यवहार लगेच थांबतात, आणि महिनाभरात नवा मिळाला नाही तर नोंदणीच रद्द होते. वार्षिक हिशेब सहा महिन्यांत आले नाहीत तरी व्यवहार थांबतात. स्थगितीत विकता येत नाही, त्यामुळे त्याआधीच्या खुणा महत्त्वाच्या: हिशेबांची तारीख पुढे ढकलल्याची घोषणा, वित्तसंचालकाचा तडकाफडकी राजीनामा, लेखापरीक्षक बदलणं. तिन्ही खुणा याच यादीत, वेगवेगळ्या दिवशी, निरुपद्रवी शीर्षकांखाली येतात. म्हणून वाईट बातमीच्या सकाळी मागच्या बारा महिन्यांची शीर्षकं एकदा वरून खाली वाचून काढावीत. त्याला दहा मिनिटं पुरतात.

पैसे भरून घेतलेल्या वेगवान बातमीसेवेची गरज यासाठी पडत नाही. सेकंदांच्या फरकाने व्यवहार करणाऱ्यांना ती लागते. ज्याला पन्नास मिनिटांत रोकड, कर्जाची तारीख, वाट्याचे साठे आणि पाण्याचं प्रमाण हे चार आकडे शोधायचे आहेत, त्याला फुकटची आरएनएस, एक कागद आणि कंपनीची मागची घोषणा एवढं भरपूर आहे.